मतपत्रिकेवरचा काळा पँथर

१ मार्च १९६५ या दिवशी, सोमवारी, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात हेनव्हिल गावच्या कोर्टापुढे चाळिसेक कृष्णवर्णीय माणसं येऊन उभी राहिली. मतदारयादीत आपलं नाव घाला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हेनव्हिल हे लाउंड्स काउंटीचं मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं प्रशासनाचं एकक, पण लोकसंख्येने अनेकदा तालुक्याहूनही लहान. लाउंड्सची तेव्हाची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास होती, आणि पाचांतले चार जण कृष्णवर्णीय होते. मतदारयादीत त्यांतल्या एकाचंही नाव नव्हतं. उलट मतदानाचं वय झालेले जेवढे गोरे काउंटीत राहत होते, त्यांहून जास्त गोऱ्यांची नावं यादीत होती. मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं कुणी कमी केली नव्हती.

त्या सोमवारी आलेल्या सगळ्यांना नोंदणी न करताच परत पाठवलं गेलं. पंधरवड्याने ती माणसं पुन्हा आली, तेव्हा नोंदणीचं काम कोर्टातून हलवून जुन्या तुरुंगाच्या इमारतीत नेलेलं होतं. या खेपेला दोन नावं यादीत चढली. एक जॉन ह्युलेट यांचं आणि दुसरं एका अंध धर्मोपदेशकाचं. त्या दोन नावांपासून पुढच्या पाच-सात वर्षांत लाउंड्समध्ये जे घडलं, त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. इथे मात्र तो किस्सा सांगितला जातो तेव्हा त्यातली निवडणूक बहुतेक वेळा गाळलेली असते.

यादीत नाव का नव्हतं

आपल्याकडे मतदारयादी करणं हे सरकारी यंत्रणेचं काम आहे. शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी घरोघर येतात, नावं तपासतात. अमेरिकेत नोंदणीची जबाबदारी मुख्यतः नागरिकावर राहिली आहे. आपण होऊन जायचं, अर्ज भरायचा, पात्रता दाखवायची. लाउंड्समध्ये हे काम महिन्यातून दोनच दिवस, पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी चाले. शेतावर राबणाऱ्या माणसाला त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून मालकाच्या डोळ्यांदेखत कोर्टात जावं लागे.

तिथे पोचल्यावर साक्षरता परीक्षा होती. राज्यघटनेतला उतारा वाचायचा, कायद्यावरचे प्रश्न सोडवायचे. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे नोंदणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर. शिवाय आधीपासून मतदार असलेल्या कुणीतरी अर्जदाराची ओळख पटवून द्यायची. जिथे एकही कृष्णवर्णीय मतदार नाही, तिथे ही ओळख कुणी द्यायची? त्यावर पोल टॅक्स, म्हणजे मतदानाच्या हक्कासाठी भरायचा कर.

ही सगळी रचना अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेतून आली होती. ती लिहिणाऱ्या परिषदेच्या अध्यक्षांनी गोऱ्यांचं वर्चस्व कायद्याने प्रस्थापित करणं हे आपलं उद्दिष्ट असल्याचं उघडपणे सांगितलं होतं. ते उद्दिष्ट लगेच साध्य झालं. राज्यातल्या कृष्णवर्णीय मतदारांची संख्या सुमारे १ लाख ८० हजारांवरून दोन-तीन वर्षांत ३ हजारांच्या घरात आली.

कायद्याच्या जोडीला जमीन होती. लाउंड्स अलाबामाच्या ‘ब्लॅक बेल्ट’मध्ये येते. इथली माती विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीसारखी चिकट, कापसाला मानवणारी. काउंटीतली नव्वद टक्के जमीन ८६ गोऱ्या कुटुंबांच्या मालकीची होती, असं त्या काळी सांगितलं जाई. बहुसंख्य कृष्णवर्णीय वाट्याने शेती करत. घर मालकाचं, बियाणं मालकाचं, दुकानातल्या उधारीचं खातंही मालकाच्याच हाती. या काउंटीला ‘ब्लडी लाउंड्स’ म्हणत, ते इथे गोऱ्यांनी केलेल्या हिंसाचारामुळे.

म्हणून सुरुवात केली ती बरीचशी ज्यांच्याजवळ थोडीफार का होईना स्वतःची जमीन होती त्यांनी. ह्युलेट त्यांच्यापैकीच. काही वर्षं बर्मिंगहॅम शहरात काम करताना त्यांनी तिथली नागरी हक्कांची चळवळ जवळून पाहिली होती, आणि १९५९ मध्ये ते गावी परतले होते. मार्च १९६५ मध्ये स्थानिकांनी संघटना उभारली, तेव्हा अध्यक्ष म्हणून त्यांचीच निवड झाली.

रस्ता आणि रक्त

त्याच महिन्यात जगाचं लक्ष या भागाकडे वळलं. ७ मार्चला शेजारच्या सेल्मा शहरातल्या पुलावर, मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. २१ मार्चला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली सेल्मा ते राजधानी माँटगोमेरी हा मोर्चा निघाला. महामार्ग क्रमांक ८० वरचा या वाटेचा मोठा टप्पा लाउंड्समधून जातो. तिथे रस्ता दुपदरी असल्याने तेवढ्या टप्प्यात तीनशेच माणसांनी चालावं, असा न्यायालयाचा आदेश होता. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम रोझी स्टील या वयस्कर कृष्णवर्णीय शेतकरी बाईंच्या रानात पडला.

२५ मार्चला मोर्चा माँटगोमेरीत पोचला. त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीने परत सोडणाऱ्या व्हायोला लिउझो यांना कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या माणसांनी लाउंड्सच्या हद्दीत गोळ्या घातल्या. त्या ३९ वर्षांच्या होत्या, डेट्रॉइटच्या, पाच मुलांची आई. ऑगस्टमध्ये जोनाथन डॅनियल्स हा २६ वर्षांचा धर्मशास्त्राचा विद्यार्थी हेनव्हिलमधल्या एका दुकानाच्या दारात मारला गेला. बंदूक रोखली होती रूबी सेल्स या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीवर, आणि त्याने तिला बाजूला ढकललं. दोन्ही खटले हेनव्हिलच्याच कोर्टात, फक्त गोरे पुरुष असलेल्या ज्यूरीपुढे चालले. डॅनियल्सला मारणारा निर्दोष सुटला. लिउझो खटल्यात पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि दुसरीने आरोपीला सोडून दिलं. पुढे त्याला शिक्षा झाली ती केंद्रीय न्यायालयात.

लाउंड्सच्या लोकांना यातून जे कळलं, ते पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. गोळी झाडणाऱ्याला अटक करायची की नाही हे शेरीफ ठरवतो. ज्यूरीत कोण बसणार हे काउंटीची यादी ठरवते. त्यामुळे मताचा हक्क हेनव्हिलच्या कोर्टातल्या खुर्च्यांपर्यंत पोचत नाही तोवर त्याने जीवही वाचत नाही, हे त्यांना दिसलं. ज्यूरीच्या याद्यांविरुद्ध स्थानिकांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला आणि १९६६ मध्ये तो जिंकला. त्याच निकालाने अलाबामात स्त्रियांना ज्यूरीतून वगळणारा कायदाही मोडीत निघाला.

मताची किंमत

६ ऑगस्ट १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. साक्षरता परीक्षा थांबल्या. जिथे स्थानिक अधिकारी नोंदणी करत नव्हते तिथे केंद्राने आपले परीक्षक धाडले, आणि पहिल्याच तुकडीत लाउंड्सचं नाव होतं. आता फॉर्म भरायला राज्यघटनेचा उतारा वाचावा लागत नव्हता. पण फॉर्म भरून घरी परतल्यावर काय होईल, ते कायद्याच्या हातात नव्हतं.

घरी मालक वाट पाहत होता. हिवाळा लागला, कापसाचा हंगाम आटोपला आणि नाव नोंदवलेल्या कुळांना घरं खाली करायला सांगण्यात आलं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात राबलेली माणसं चंबूगबाळं घेऊन बाहेर पडली. संघटनेने महामार्ग ८० च्या कडेला सहा एकर जमीन विकत घेतली आणि डिसेंबर १९६५ मध्ये तिथे तंबू ठोकले. वीज नाही, नळ नाही. रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांतून तंबूंवर गोळ्या झाडल्या जात, म्हणून आतली माणसं बंदुका घेऊन आळीपाळीने पहारा देत. लहान मुलंबाळं असलेली कुटुंबं तिथे राहिली. दोन वर्षांहून अधिक काळ ही ‘टेंट सिटी’ टिकली. मतदारयादीतल्या एका ओळीसाठी माणसांनी ही किंमत मोजली, आणि नाव मागे घ्या म्हटलं तरी घेतलं नाही.

शेरीफ काय करतो

मोर्चा पुढे गेल्यावर लाउंड्समध्ये मागे राहिलेल्यांत स्टोकली कार्माइकल आणि बॉब मँट्स हे तरुण होते. स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी, म्हणजे ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेचे हे कार्यकर्ते. मोर्चा चालू असतानाच त्यांनी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गावकऱ्यांची नावं-पत्ते टिपून घेतले होते. मॅथ्यू जॅक्सन नावाच्या शेतकऱ्याने त्यांना राहायला घर दिलं. दर आठवड्याला चर्चमध्ये सभा होऊ लागल्या.

नोंदणी वाढू लागली तसा नवा प्रश्न पुढे आला. मत द्यायचं कुणाला? अलाबामात खरी सत्ता एकाच पक्षाची, डेमोक्रॅटिक पक्षाची. मतपत्रिकेवर त्याचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्यावर ‘श्वेतवर्चस्व’ अशी घोषणा. ती घोषणा पक्षाने बदलली ती थेट जानेवारी १९६६ मध्ये. लाउंड्समध्ये पक्षाने शेरीफपदासाठी उमेदवारीचं शुल्क ५० डॉलरवरून ५०० डॉलर केलं. वाट्याने शेती करणाऱ्याने ५०० डॉलर आणायचे कुठून?

स्निकचे संशोधक जॅक मिनिस यांना अलाबामाच्या जुन्या कायद्यात एक वाट सापडली. एखाद्या काउंटीतले लोक तेवढ्या काउंटीपुरता पक्ष काढू शकत होते. इतर पक्ष आपले उमेदवार ठरवतात त्या प्राथमिक निवडणुकीच्याच दिवशी जाहीर सभा घेऊन उमेदवार निवडायचे. नोव्हेंबरच्या निवडणुकीत वीस टक्के मतं मिळाली की अधिकृत पक्ष म्हणून मान्यता मिळते. यातून ‘लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन’ उभी राहिली.

या पक्षाने उमेदवार ठरवण्याआधी लोकांना शिकवायला घेतलं, आणि त्या शिकवण्याची तऱ्हा आज कुठल्याही ग्रामपंचायतीने पाहावी अशी आहे. अमेरिकेत काउंटीची कितीतरी पदं थेट निवडणुकीने भरतात. शेरीफ म्हणजे पोलिसप्रमुख. टॅक्स असेसर कुणाच्या जमिनीची किंमत किती हे ठरवतो, कलेक्टर कर वसूल करतो. संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर करतो. शाळा कशा चालतील हे शिक्षण मंडळाचे सदस्य ठरवतात. पिढ्यान्‌पिढ्या या खुर्च्यांवर गोरेच बसलेले, त्यामुळे त्यांचं काम नेमकं काय हे सांगणारं कुणी नव्हतं. स्निकच्या कार्यकर्त्यांनी एकेका पदावर चित्रपुस्तिका काढल्या. जेनिफर लॉसन ही तरुणी चित्रं काढायची. साधी रेघ, मोठी अक्षरं. शेरीफचं काम काय, त्याला काय करता येतं, त्याला पाडायचं तर काय करावं लागतं, हे सगळं चित्रांतून. ज्याला वाचता येत नव्हतं तोही पानं उलटून कळून घेई. शेरीफचा पट्टा कमरेला बांधलेला एखादा शेजारी कसा दिसेल, याची कल्पना करण्याइतकी हिंमत या पुस्तिकांनी दिली.

अलाबामात निरक्षर मतदार पुष्कळ असल्याने कायद्यानुसार प्रत्येक पक्षाला चिन्ह लागत असे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून बैलजोडी, झोपडी, कणीस-विळा पाहत आलेल्या भारतीय वाचकाला हे वेगळं सांगायला नको. नव्या पक्षाने झेप घेणारा काळा पँथर घेतला. ते चित्र घडवण्यात स्निकच्या तरुण कार्यकर्त्या बायकांचा हात होता, आणि नमुना होता अटलांटातल्या क्लार्क कॉलेजच्या क्रीडासंघाचा पँथर. ह्युलेट सांगत की हा प्राणी आपण होऊन कुणाच्या वाटेला जात नाही, कोपऱ्यात कोंडला तर मात्र झेपावतो.

३ मे १९६६ रोजी पक्षाची सभा ठरली. कोर्टाच्या आवारात ती होऊ देणार नाही, असं शेरीफने बजावलं. शेवटी कोर्टापासून अर्ध्या मैलावर, फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चपाशी नऊशेच्या आसपास माणसं जमली आणि त्यांनी मतं देऊन सात उमेदवार निवडले. शेरीफपदासाठी सिडनी लोगन, टॅक्स असेसरसाठी अॅलिस मूर, कॉरोनर, कलेक्टर आणि शिक्षण मंडळाच्या तीन जागा. श्रीमंतांवर कर बसवायचा आणि गरिबांना खाऊ घालायचं, एवढाच अॅलिस मूर यांचा जाहीरनामा होता.

८ नोव्हेंबरला मतदान झालं. जमीनमालकांनी आपल्या रानातल्या कुळांना ट्रकमध्ये भरून मतदानकेंद्रांवर आणलं आणि गोऱ्या उमेदवारांना मतं द्यायला लावली. काउंटीतल्या फोर्ट डिपॉझिट गावात पक्षाच्या एका कार्यकर्त्याला बेदम मारहाण झाली. सातही उमेदवार हरले. पण प्रत्येकाला सोळाशेच्या आसपास मतं पडली होती. वीस टक्क्यांची अट केव्हाच ओलांडली गेली आणि दीड वर्षापूर्वी जिथे एकही कृष्णवर्णीय मतदार नव्हता, तिथे त्यांचा अधिकृत पक्ष उभा राहिला.

ओकलंड आणि मुंबई

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९६६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ‘ब्लॅक पँथर पार्टी’ स्थापन केली. पँथर त्यांनी लाउंड्सकडून घेतला. काळी टोपी, चामडी जाकीट आणि बंदूक ही पँथरची प्रतिमा जगभर पोचली ती ओकलंडमार्गे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘दलित पँथर’ उभी केली. अत्याचारांपुढे गप्प राहणाऱ्या सरकारविरुद्धचा तो संताप होता. गावोगावच्या तरुणांना या नावाने ताठ उभं केलं.

त्या नावाचा उगम ग्रामीण अलाबामातल्या एका मतपत्रिकेत आहे, हे महाराष्ट्राने जाणून घ्यायला हवं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतली गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केला होता. त्यानंतर शंभर वर्षांत दोन्हीकडच्या लढ्यांची देवाणघेवाण होत राहिली. तिच्यातला लाउंड्सचा वाटा मात्र आपल्या नोंदीत क्वचितच येतो, कारण तिथे मिरवणुकीपेक्षा नोंदणी फॉर्म आणि कॉरोनर कोण याची चर्चा जास्त होती.

खुर्ची मिळाल्यावर

नोव्हेंबर १९७० मध्ये, पहिल्या पराभवानंतर चार वर्षांनी, जॉन ह्युलेट लाउंड्सचे शेरीफ म्हणून निवडून आले. ज्यांना पाच वर्षांपूर्वी मतदारयादीत नाव घालायला जुन्या तुरुंगाच्या इमारतीत जावं लागलं, त्यांच्याच हाती काउंटीच्या तुरुंगाच्या किल्ल्या आल्या. बावीस वर्षं ते त्या पदावर होते, पुढे प्रोबेट जज्ज, म्हणजे मृत्युपत्रं-वारशाची प्रकरणं पाहणारे न्यायाधीशही झाले. काळ्या माणसाला रस्त्यावर अडवून मारणारा पोलिसी दरारा संपला. बाकीच्या खुर्च्याही एकेक करत कृष्णवर्णीयांकडे आल्या.

पण अॅलिस मूर यांच्या जाहीरनाम्याचं काय झालं? त्याचं उत्तर माँटगोमेरीत सापडतं. १९७२ आणि १९७८ मध्ये अलाबामाने राज्यघटनेत दुरुस्त्या करून मालमत्ता कराला कमाल मर्यादा घातली, आणि शेतजमीन व जंगल यांची आकारणी बाजारभावाऐवजी चालू वापरावर करायची सोय केली. म्हणजे असेसर कुणीही असो, मोठ्या जमीनदारावर बसणारा कर नाममात्रच राहणार. शिवाय १९०१ च्या घटनेने काउंट्यांना स्वतःचे अधिकार फार थोडे ठेवलेले. लहानसहान गोष्टींसाठीही राज्य विधिमंडळाकडे जावं लागतं. गोरी मुलं १९६६ मध्ये निघालेल्या खासगी शाळेत गेली आणि सरकारी शाळांना अपुऱ्या करावर भागवावं लागलं. इतिहासकार हसन क्वामी जेफ्रीज यांनी ‘ब्लडी लाउंड्स’ या २००९ च्या पुस्तकात हा सगळा प्रवास मांडला आहे. पदं मिळाल्यावर चर्चमधल्या सभांतून ठरणारं राजकारण हळूहळू नेहमीच्या देवाणघेवाणीकडे कसं वळलं, तेही त्यात आहे.

२०१३ मध्ये अलाबामाच्याच शेल्बी काउंटीने लावलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या कायद्याचा कणाच काढून घेतला. तोवर अलाबामाला मतदानाच्या नियमात कुठलाही बदल करायचा, अगदी मतदानकेंद्र हलवायचं तरी केंद्राची आधी मंजुरी लागे. ती अट गेल्यावर २०१४ पासून छायाचित्र असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं. पुढच्याच वर्षी राज्याने काटकसरीचं कारण सांगून ३१ काउंट्यांतली वाहन परवाना कार्यालयं बंद करायची घोषणा केली. हा परवाना म्हणजेच बहुतेकांचं ओळखपत्र. यादीत ब्लॅक बेल्टमधल्या अनेक काउंट्या होत्या, लाउंड्सही होती. देशभर ओरड झाल्यावर ती कार्यालयं महिन्यातून निदान एक दिवस उघडायचं ठरलं. १९६५ मध्ये नोंदणीसाठी महिन्यातले दोन सोमवार होते.

आज लाउंड्सची वस्ती दहा हजारांच्या आसपास आहे. कापूस पिकवणारी तीच चिकट माती सांडपाणी जिरू देत नाही. नेहमीची सेप्टिक टाकी चालत नाही, आणि चालेल अशी यंत्रणा इथल्या गरीब कुटुंबाला परवडत नाही. त्यामुळे कितीतरी घरांचं मैलापाणी पाइपाने मागच्या अंगणात सोडलं जातं, आणि तसं सोडणं हा पुन्हा कायद्याने गुन्हा. २०१७ च्या एका वैद्यकीय पाहणीत तपासलेल्या ५५ जणांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांत आकडीकृमीचे अंश सापडले, अमेरिकेतून केव्हाच हद्दपार झाला असं मानल्या गेलेल्या रोगाचे.

हा प्रश्न देशापुढे आणणाऱ्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स लाउंड्सच्याच. चळवळीतल्या कार्यकर्त्यांचा राबता असलेल्या घरात त्या वाढल्या. त्यांच्या संस्थेच्या तक्रारीवरून केंद्रीय न्याय खात्याने चौकशी केली आणि मे २०२३ मध्ये अलाबामाच्या आरोग्य खात्याशी करार झाला. सांडपाण्यासाठी रहिवाशांवर खटले भरायचे नाहीत, आणि राज्याने उपाययोजना आखायची, असं त्यात ठरलं. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या न्याय खात्याने तो करार रद्द केला.

लाउंड्सचे मतदार आता शेरीफ निवडतात, काउंटी कमिशन निवडतात, शाळांचं मंडळ निवडतात. घरामागचं पाणी काढायला लागणारा पैसा मात्र या खुर्च्यांच्या आवाक्यात नाही. त्यासाठी कर किती बसवायचा आणि कुणावर, हे अजून माँटगोमेरीतलं विधिमंडळ ठरवतं, आणि तिथे दहा हजारांच्या या काउंटीला स्वतःची म्हणून एकही जागा नाही.